एप्रिलातला वजनकाटा

बटाट्याचा हंगाम सरला की आमच्या संघाचा काटा रिकामा पडतो
आणि एप्रिलात येऊ लागतात कॅरॅव्हॅनी,
पांढऱ्या, फुगीर, हिवाळाभर झाकून ठेवलेल्या,
खिडक्यांच्या कडांना हिरवट शेवाळ.
पाच युरो. पावती हवी असेल तर तीही देते.

हिल्त्ये परवा दुसऱ्यांदा आली.
पहिल्यांदा न थांबताच गेली होती, काचेतून ओरडून,
"नवी गाडी आहे गं, ओढेल!"
ओढलं की गाडीनं. ओढण्याचा प्रश्न नव्हताच.
बांधावर, जिथं एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तळं
आणि मधे मैलोनमैल नुसता वारा,
शेजारून एक ट्रक गेला
आणि मागचं घर डुलायला लागलं.
आधी थोडं. मग जास्त.
मग गाडीनं कुठं जायचं ते घरच ठरवू लागलं.

"ब्रेक दाबलास?"
"नाही. पाय काढला फक्त. स्टिअरिंग धरून ठेवलं
आणि वीबेला म्हटलं, आता बोलू नकोस."
वीबे शेजारी टोपी चुरगाळत उभा.
चाळीस वर्षं कालव्यांतून मालाची बोट हाकलेला माणूस,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून चाकामागे ती.

आधी गाडी एकटी चढवली: पंधराशे नव्वद.
मग कॅरॅव्हॅन: चौदाशे वीस.
पावतीच्या पाठीवर मी गणित मांडलं.
शंभराला पंच्याऐंशी, उरलेले पंधरा हातचे.
हातचे धरायला विसरलं की शाळेत उत्तर चुकतं;
इथं कठडा येतो.
एकोणसत्तर किलो जास्त.

मग माझा न्हाणीघरातला काटा, त्यावर लाकडी ठोकळा,
ठोकळ्यावर कॅरॅव्हॅनचं नाक.
एकतीस.
"नाक हलकं आहे. शेपटीत काय भरलंय?"
वीबे म्हणाला, "नाक जरा उचललेलंच बरं असतं."
"ही बोट नाही, वीबे."
"दिसतंय मला," तो म्हणाला.

हिल्त्येनं मागच्या पलंगाखाली हात घातला.
"नांगर," ती म्हणाली.
इथं येणारे सगळे शेतकरी, मला वाटलं शेतातला.
पण हा पाण्यातला, गंजका, अडतीस किलोंचा,
जुन्या टॉवेलात तान्ह्यासारखा गुंडाळलेला.
बोट विकली तेव्हा यादीत त्याच्यापुढे
वीबेच्याच अक्षरात लिहिलं होतं: हरवला.

"माझ्या ऑफिसात राहू दे," मी म्हटलं, "सप्टेंबरात न्या."
वीबे आकड्यांच्या दिव्याकडे बघत राहिला,
काय दिसत होतं कोण जाणे.

हिल्त्येनं बाह्या सारल्या.
टाकीतलं चाळीस लिटर पाणी आमच्या गटारात सोडलं:
"पाणी काय, तिकडेही असतं."
टीव्ही, नऊ किलो, माझ्या टेबलाखाली.
वाटाण्याच्या सुपाचे डबे, बावीस किलो, तेही तिथंच
("दोन तू खा, जास्त नको, मोजलेत").
आणि नांगर ओढत ओढत आणला मधोमध,
आसाच्या बरोबर वर, तळाला टेकवून.
दोरी वीबेनं बांधली.
गाठीला डोळे लागत नाहीत,
मिटूनच घेतले होते त्यानं.

तेराशे एकोणपन्नास.
नाक सत्तर.

"तरी ऐंशीच्या वर जाऊ नका," मी बजावलं.
"ऐंशी?" हिल्त्ये हसली. "यानं बाराच्या वर
आयुष्यात काही चालवलं नाही."
नांगराबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.
पावती मात्र मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी बांधापलीकडून तिचा निरोप आला,
एकच शब्द: सरळ.
उत्तर द्यायचं राहिलंच,
कारण काट्यावर तोवर एक इवलीशी लाल गाडी आली होती,
आणि तिच्यामागे दोन आसांचं, चार खिडक्यांचं घर.
चालकानं काच खाली करायच्या आत
मी न्हाणीघरातला काटा बगलेत मारून बाहेर पडले.